लीनाचं मीठ बंद

चप्पल तुटली म्हणून मी आरोग्याच्या वाटेला लागलो. माझे मोठे निर्णय असे पायातूनच वर येतात. (डोक्यातून खाली आलेला निर्णय मला तरी आठवत नाही.) आर्वीच्या बाजारात चांभारानं चप्पल हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "बसा बाबूसाहेब, वेळ लागन." आता कारकून माणूस अनवाणी कुठं फिरणार? समोरच्या धर्मशाळेत व्याख्यान चाललं होतं, सतरंजी अंथरलेली होती. मी जाऊन बसलो आणि बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागलो.

व्याख्याते होते भैय्याजी म्हणून वर्ध्याकडचे निसर्गोपचारवाले. विषय वाढत्या वयातल्या मुलामुलींचं आरोग्य. मला जाग आली ती त्यांच्या एका वाक्यानं. ते माझ्याकडेच बोट करून म्हणत होते, "ज्या घरातलं वाढतं पोर गप्प बसते, फिकं दिसते, ताटावरून अर्धपोटी उठते, त्या घरातला बाप झोपलेला आहे!"

सगळी धर्मशाळा माझ्याकडे बघून हसली. मी मात्र हसलो नाही. माझी लीना पंधरा वर्षांची, दहावीत शिकणारी, एकुलती एक. दिवाळीनंतर ती अशीच झाली होती. शाळेतून आली की खिडकीपाशी बसायची. अर्धी पोळी खाऊन उठायची. सकाळी काय झालं विचारलं, की "काई नाई." आणि मीही "बरं" म्हणून कचेरीत निघून जायचो. भैय्याजींनी पुढं जे जे सांगितलं ते मी तोंडपाठ केलं. चप्पल आणायला विसरलो आणि अनवाणीच घरी आलो.

"इंदिरा," मी दारातूनच बायकोला हुकूम सोडला, "उद्यापासून लीनाचं मीठ बंद!"

"काऊन? काय केलं तिनं?"

"शिक्षा नाई, उपचार आहे. मीठ बंद, तिखट बंद. तिचं ताट वेगळं. कच्चं गाजर, कच्चा मुळा अन् दूध. सकाळी अंगणात खाट टाकून उन्हात पडायचं, कपाळावर ओल्या मातीची पट्टी. अन् मोठमोठ्यानं श्वास घ्यायचा."

"त्या पोरीले विचारलं का?"

"तिले काय विचारायचं? तब्येत काय विचारून सुधारते?" (हे वाक्य पुढं इंदिरेनं मला इतक्या वेळा ऐकवलं, की आता ते मला माझं वाटतच नाही.)

लीनानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. मुळा पुढं ठेवला, तिनं मुळा खाल्ला. माती लावली, ती पडून राहिली. पोर तक्रार करत नाही म्हणजे उपचार लागू पडून राह्यला, असं समजून मी खूश. तिला भांडायचासुद्धा कंटाळा आला होता, हे त्या वेळी माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग एका सकाळी शेजारच्या वच्छलाबाई विरजण मागायला आल्या. अंगणात खाट, खाटेवर लीना, डोळे मिटलेली, भात्यासारखी हुस्सहुस्स करणारी. बाई जागीच थबकल्या.

"भाऊजी, पोरीले धाप लागली का?"

"नाई नाई, ते करावंच लागते तिले."

"अन् हे ताट वेगळं?"

"हो, तिचं वेगळंच ठेवतो आता."

"मीठ?"

"पूर्ण बंद."

"डॉक्टर काय म्हणते?"

"यात डॉक्टरचं काही काम उरत नाई, वच्छलाबाई. आता सगळं निसर्गाच्या हाती!"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, माझ्या ज्ञानानं भारावल्या. विरजण न घेताच त्या गेल्या.

आता आमच्याकडे वेगळं ताट, उन्हातली खाट, दुधाचा रतीब आणि धाप, एवढं एकत्र दिसलं की लहान पोरगंही ओळखतं, घरात क्षय शिरला. ते नाव कोणी तोंडानं घेत नाही, नुसते लोक यायचे थांबतात. आमच्याकडेही थांबले. हळदीकुंकवाचं बोलावणं चुकलं. दूधवाला लांबूनच भांड्यात धार धरू लागला. कचेरीत शेजारच्या टेबलावरचे पुंडलिकराव माझ्या पानाच्या डब्यातलं पान घेईनात. मी म्हटलं, चला, यांनीही आरोग्य मनावर घेतलं!

शेवटी शाळेतून निरोप आला. लीनाला डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत पाठवू नका, इतर मुलींचाही विचार केला पाहिजे. परीक्षा तोंडावर आलेली. वर्ष बुडणार होतं. इंदिरा चुलीपुढं बसून रडली. लीना रडली नाही. तिनं पुस्तकं कपाटात नीट लावली आणि न सांगता अंगणात जाऊन खाटेवर पडली. ते बघून मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, नरहर, लेका, धडधाकट पोर तू आजारी पाडलीस.

दाखल्यासाठी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. वर्ध्याच्या वाटेवर आर्वीहून पुलगावपर्यंत आमची छोटी गाडी जाते. तिचा वेग असा, की खाली उतरून बोरं वेचावी आणि पुन्हा चढावं. दोघं समोरासमोर बसलो. पोरीशी काय बोलावं हेच मला सुचेना. कचेरीत मी दिवसभर बोलतो, पण ते फाईलविषयी. खिडकीबाहेर वेचणी झालेल्या कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, दुसरं काही नाही.

शेवटी तीच म्हणाली, "बाबा, वर्ध्याहून सेलू जवळ आहे नं?"

"आहे. काऊन?"

"काई नाई. माणिकले तिथं दिली."

माणिक म्हणजे तिची मैत्रीण. मागच्या गल्लीतली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी पंगतीत आग्रहानं वाढत होतो, जिलबी उत्तम झाली होती, एवढं मला आठवत होतं.

"पहिलीपासून एका बाकावर होतो आम्ही," लीना खिडकीकडे बघत म्हणाली. "सकाळी ती हाक मारे, मग मी निघो. आता हाकच येत नाई. मधल्या सुट्टीत डबा उघडला की घासच उतरत नाई, बाबा. कोणाशी बोलू? बाकीच्या पोरींच्या जोड्या आधीच्याच आहेत. अन् माणिकचं लग्न ठरलं तेव्हा ती रडत होती. सगळे म्हणत, नवरी रडतेच. तिले मॅट्रिक करायचं होतं."

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. इतक्या दिवसांचं रडू त्या गाडीत बाहेर आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समोरची एक म्हातारी "सासरी निघाली का वं माय?" म्हणून विचारती झाली, आणि लीना आणखीच रडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली, फोटो काढला, वजन केलं, काय काय खातेस ते विचारलं, आणि मग माझ्याकडे वळले.

"हिचं मीठ कोणी बंद केलं?"

"मी."

"काऊन?"

"आरोग्यासाठी."

"कोणाच्या?" डॉक्टर कडाडले. "वाढतं वय आहे. पोटभर वरणभात-पोळी पाहिजे, झोप पाहिजे, हुंदडाले मैदान पाहिजे, अन् जीव मोकळा कराले एखादं माणूस पाहिजे. घरात कोणी बोलते का हिच्याशी?"

लीनाच म्हणाली, "आज बोलले बाबा. गाडीत." ती मला वाचवत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

छाती निर्दोष असल्याचा दाखला मिळाला. बाहेर आल्यावर तिनं सेलूच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. पण नव्या सुनेला भेटायला असं न कळवता जाता येत नाही, आणि परतीची गाडीही चुकली असती. "पुढच्या वेळी नक्की जाऊ," मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली. ते "बरं" अगदी माझ्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन ती शाळेत गेली. कचेरीत माझं चित्त लागेना. दाखल्यानं शाळेचं दार उघडतं, पण बाकावर शेजारी कोण बसणार? लोकांच्या मनातला क्षय काही छातीच्या फोटोनं जात नाही. मी संध्याकाळी जीव मुठीत धरून घरी आलो. आणि बघतो तर लीना ताटावर! वरण, भात, तिखटजाळ वांग्याची भाजी, आणि वरून ती मीठ मागून राह्यलेली!

"बसलं का कोणी तुझ्याजवळ?" मी हळूच विचारलं.

"पहिले कोणीच नाई बसलं. मग मधल्या सुट्टीत मी सगळ्यायले सांगितलं खरं काय ते. मग सगळ्याच आल्या. बिचाऱ्यांनी डबेही दिले."

"शाब्बास! काय सांगितलं?"

लीनानं आईकडे बघितलं. इंदिरेनं भाजीकडे बघितलं.

"हेच की, आजारी मी नव्हती," लीना म्हणाली. "आमच्या बाबांच्याच डोक्यावर थोडा परिणाम झाला होता. म्हणून आम्ही त्यांच्या मनासारखं वागत होतो."

आणि त्याच क्षणी दिवाळीनंतर पहिल्यांदा पोरगी हसली, चांगली ठसका लागेपर्यंत. मग मला रागावताच येईना.

सकाळपर्यंत बातमी आर्वीभर झाली. वच्छलाबाई विरजण घेऊन गेल्या, पण जाताना दारातल्या मला लांबचा वळसा घालून. कचेरीत पुंडलिकरावांनी टेबलावरची कात्री हळूच खणात ठेवली. साहेब, ज्यांनी कधी वर मान करून बघितलं नव्हतं, ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नरहरराव, घरी जा. आराम करा. फाईली काय, होत राहतील."

आता मी शहाणा आहे असं म्हणावं, तर लीना पुन्हा आजारी ठरते. म्हणून मी साहेबांपुढं गोड हसलो (ते एक पाऊल मागं सरकले) आणि भर दुपारी घरी आलो.

"इंदिरा, अख्ख्या गावाले वाटते मी येडा आहे," मी कळवळून म्हटलं. "तू तरी सांग कोणाले, की पोरीनं थाप मारली म्हणून!"

इंदिरा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले खोटं बोलाले नका लावू," ती म्हणाली.