गळालेली शेपटी जमा करावी

एका जंगलात, मुलांनो, एक महाविद्यालय होतं. जंगलात महाविद्यालय कसं, असं विचारू नका. तुमच्या गावात जे आहे ते तरी कसं आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?

जंगलाचा राजा सिंह दूर राजधानीत राही. गरिबाघरच्या पोरांनी शिकावं असं त्याला मनापासून वाटे, निदान भाषणात तरी वाटे. म्हणून दरवर्षी दरबारातून महाविद्यालयाला शिष्यवृत्ती येई. ती रोकड नव्हती, खुराक होता. हरणाला कडबा, माकडाला शेंगा, पाखराला उंबरं, पाणथळीतल्यांना रोज एक पखाल पाणी. पखाल म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. कोणाच्या चामड्याची, ते जंगलात विचारायचं नसतं.

सुरुवातीला खुराक वाटायचे नियम तीन होते. विद्यार्थी गरीब असावा, तो शिकत असावा आणि त्याने एकदाच घ्यावं. मग एका वर्षी एका माकडाने चार नावांनी शेंगा उचलल्या. माकड काही सापडलं नाही. नियम मात्र तिनाचे चारशे बारा झाले.

हे चारशे बारा नियम पाळायची जबाबदारी एकटीची होती. ती म्हणजे शिष्यवृत्ती विभागातली कारकून, साळिंदर. सगळे तिला साळूबाई म्हणत.

साळूबाईंची कामाची पद्धत साधी होती. अर्ज आला की त्या तो आपल्याच पाठीवरच्या एका काट्यात खोचत. उठता-बसता तो कागद पाठीला खडबडे आणि त्यांना आठवण होई, की अजून त्या हरणाचा कडबा राहिलाय, अजून त्या सशाचं गवत राहिलंय. खुराक पोचला की कागद काढून फायलीत. पावसाळ्यात बाई कागदांनी अशा फुललेल्या दिसत, की नवी पोरं त्यांना झाड समजत. दिवाळीपर्यंत पाठ मोकळी व्हायची. मग त्या कुशीवर निवांत झोपत. बावीस वर्षांत एकही अर्ज गहाळ झाला नव्हता.

मग तपासणी पथक आलं. पथकात तीन गिधाडं होती. त्यांनी अर्ज उन्हात धरून पाहिले, आणि प्रत्येक अर्जाच्या मधोमध एक भोक सापडलं. नियम दोनशे अकरा सांगतो, अर्ज अखंड असावा. गिधाडांनी शेरा मारला: पुढच्या तपासणीत एकही त्रुटी निघाली, तर महाविद्यालयाचा खुराक कायमचा बंद.

खुराक विद्यार्थ्यांना मिळाला का, हा प्रश्न पथकाच्या तक्त्यात नव्हता. त्यांनी तो विचारला नाही.

प्राचार्य होते गवासर, म्हणजे रानगवा. अंगाने डोंगराएवढे, पण शेऱ्याचं नाव काढलं की ते टेबलाखाली शिरायला बघत. त्यांनी साळूबाईंना बोलावून बराच वेळ समजावलं, की तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण प्रामाणिकपणाला रकाना नाही. मग त्यांनी सल्लागार नेमला.

सल्लागार होता धनेश पक्षी. हातभर लांब चोच, त्या चोचीवर आणखी एक शिरपेच, आणि पंखांचा असा आवाज, की तो येण्याआधीच लोक उभे राहत. त्याचं काम एवढंच, की शिष्यवृत्ती कार्यालयं नियमात बसवून द्यायची. मानधन रोज एक टोपली उंबरं. उंबरं कुठली? कार्यालयातलीच. पाखरांच्या खुराकातली.

धनेशरावांनी कार्यालयाला एक चक्कर मारली आणि निदान केलं. "बाई, तुमच्या इथे त्रुटी दारातून आत येतात."

"दारातून विद्यार्थी येतात, धनेशराव."

"तेच म्हणतोय मी."

मग त्यांनी आपल्या घरची पद्धत सांगितली. धनेशाची बायको अंडी घालायला झाडाच्या ढोलीत बसते. दार चिखलाने लिंपून टाकतात, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवतात. आजवर त्यांच्या घरातलं एक अंडं चोरीला गेलेलं नव्हतं. कार्यालयाचंही तसंच करायचं.

साळूबाईंनी जरा विचार केला. "पण त्या फटीतून तुम्ही बायकोला फळं देता ना?"

"घरी देतो," धनेशराव म्हणाले. "इथे मी सल्लागार आहे."

दार लिंपलं. आत साळूबाई, पखाली, कडबा, शेंगा, उंबरांच्या टोपल्या. बाहेर विद्यार्थी. मधे चोचीएवढी फट. अर्ज काट्यांना खोचायचे नाहीत अशी तंबी मिळाली. त्यांनी एकेक काढून ठेवले. फटीतून कागद आत जाई, शंका बाहेर येई. दुपारी धनेशरावांची चोच आत येई आणि उंबर घेऊन बाहेर जाई. ही एकच वस्तू कुठल्याही कागदाशिवाय त्या फटीतून पार होई.

आता चिंबीची गोष्ट ऐका. ही गोष्ट खरं तर तिची आहे, पण कुठल्याही कार्यालयाच्या गोष्टीत विद्यार्थी जरा उशिराच येतो.

चिंबी ही एका लहानशा डबक्यातली बेडकी. तिच्या डबक्यातून महाविद्यालयात आलेली पहिली. ती पाऊसशास्त्र शिकत होती. डबक्यातले सगळे पाऊस येणार म्हणून अंदाजाने ओरडतात आणि दहातून आठ वेळा तोंडावर पडतात, याची तिला लाज वाटे. तिला अभ्यास करून ओरडायचं होतं. सहामाहीत तिचा पहिला नंबर आला होता.

तिने अर्ज केला तो श्रावणात. तेव्हा ती पाण्यात होती. अर्जात तिने खरं तेच लिहिलं होतं: पाय, नाहीत. शेपटी, आहे.

माघ लागला. डबकं आटलं. बेडकाची कातडी ओली राहिली नाही तर बेडूक जगत नाही, म्हणून तिच्यासारखे सगळे उन्हाळ्यात चिखलात खोल जातात आणि पावसापर्यंत झोपून राहतात. पण सलग महिनाभर गैरहजर राहिलं की प्रवेश रद्द, हा महाविद्यालयाचा नियम. रोज एक पखाल मिळाली तर चिंबी वर राहणार, परीक्षेला बसणार. नाही मिळाली तर खड्डा. एवढाच प्रश्न होता.

फटीबाहेर धनेशरावांनी तिचा अर्ज वाचला. मग तिला पाहिलं. मग पुन्हा अर्ज वाचला.

"अर्जदाराला पाय नाहीत असं लिहिलंय. तुला चार दिसतात."

"नंतर आले, सर."

"परवानगी घेतली होती?"

चिंबीने आपल्या चारही पायांकडे पाहिलं.

"आणि शेपटी कुठाय?"

"गेली, सर."

"गेली म्हणजे? गळालेली शेपटी कार्यालयात जमा करावी, पोच घ्यावी. कुठे पडली ते आठव."

"पडली नाही, सर. अंगातच जिरली."

धनेशरावांनी चोच वर केली. सरकारी अर्जात नोंदलेली शेपटी परस्पर जिरवली, म्हणजे पुरावा नष्ट केला, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आता दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी शेपटी जिरताना डोळ्यांनी पाहिली. शिवाय डबक्याचा दाखला हवा, की ती शेपटीवाली आणि ही पायवाली एकच.

"डबकं आटलंय, सर."

"मग आटल्याचा दाखला आण."

आत साळूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांना या मुलीचे पाय कसे फुटले ते माहीत होतं. आधी मागचे दोन, मग पुढचे. प्रत्येक वेळी ती दारात येऊन दाखवून गेली होती. पण कार्यालयाच्या आत बसलेल्याची साक्ष धरत नाहीत. नियम तीनशे सहा. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

फाल्गुनात पथक यायचं ठरलं. त्या दिवशी सकाळपासून महाविद्यालयावर तीन सावल्या गोल फिरत होत्या. धनेशराव खुशीत होते. वर्षभरात आलेले अर्ज तीनशे चाळीस, वाटलेला खुराक शून्य, म्हणून चुकीचा वाटलेला खुराकही शून्य. गवासर पहिल्यांदाच टेबलाबाहेर उभे होते.

ऐन दुपारी फटीशी कुणीतरी खाकरलं. चिंबी होती. पाठीची कातडी सुकून पापडासारखी तडकली होती.

"मॅडम, खड्डा खणून झालाय. मी निघते आज. तेवढा माझा अर्ज परत द्याल का?"

"आता अर्ज काय करतेस, बाळ?"

"त्यावर शेपटी आहे लिहिलंय ना. माझ्या शेपटीची तेवढीच नोंद आहे कुठेतरी."

साळूबाईंनी अर्ज शोधायचं नाटक केलं नाही. तो कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. तीनशे एकोणचाळीस कागद त्यांनी काढून ठेवले होते. एक मात्र धनेशरावांनी वाचून फटीतून परत आत टाकल्यावर त्यांनी पुन्हा खोचला होता, पाठीच्या तळाशी, आखूड काट्यात. चुकून नव्हे. धनेशरावांनी फटीतून विचारलं होतं, सगळे काढलेत ना, आणि त्या हो म्हणाल्या होत्या. बावीस वर्षांतलं त्यांचं ते पहिलं खोटं. तो कागद कधीपासून त्यांच्या पाठीला खडबडत होता.

साळिंदराचे दात, मुलांनो, लाकूड कुरतडतात. चिखलाचं काय घेऊन बसलात? साळूबाई भिंतीला भिडल्या. कुर्र कुर्र आवाज वर फिरणाऱ्या गिधाडांनाही ऐकू आला आणि ती खाली उतरली. ती उतरली नेमकी तेव्हा, जेव्हा भिंतीला हंड्याएवढं भगदाड पडलं, त्यातून एक पखाल बाहेर आली आणि चिंबीच्या डोक्यावर पालथी झाली.

चिंबीने डोळे मिटले. नुसती भिजत राहिली.

पथकाने तिथेच अहवाल लिहिला. त्रुटी, एक. तपशील, एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती मिळालेली आढळली.

साळूबाईंना जागच्या जागी निलंबित करण्यात आलं. महाविद्यालयाचा खुराक कायमचा बंद करण्यात आला. ही शिक्षा विद्यार्थ्यांना वाचून दाखवली, तेव्हा कुणाच्याच चेहऱ्यावर फरक पडेना. एका सशाने शेजारच्याला हळूच विचारलं, की तो चालू कधी होता.

निलंबनाचा कागद साळूबाईंनी दोनदा वाचला. मग पाठीला खोचला. मग त्या भगदाडातून आत गेल्या आणि शेंगा बाहेर द्यायला लागल्या. त्यानंतर कडबा, उरलेली उंबरं, पखाली. विद्यार्थ्यांची रांग लागली.

"बाई, हे काय चालवलंय?" गवासर कसेबसे म्हणाले.

"सर, नियम सेवेतल्या कारकुनाला आहेत. मी निलंबित आहे."

गिधाडांनी चारशे बारा नियम उलटेपालटे करून पाहिले. प्रत्येकाची सुरुवात 'सेवेतील कारकुनाने' अशीच होती. त्यांनी धनेशरावांकडे पाहिलं. धनेशराव उंबरांच्या रिकाम्या टोपलीकडे पाहत होते. संध्याकाळपर्यंत कोठार रिकामं झालं, आणि फाल्गुन, चैत्र, वैशाख चिंबीचे ओले पाय व्हरांड्यापासून पहिल्या बाकापर्यंत उमटत राहिले.

दरबाराने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. नियम चारशे तेरा निघाला, निलंबित कारकुनांसाठी. धनेशरावांच्या कामाचाही गौरव झाला, कारण भिंत पडेपर्यंत त्यांच्या कार्यालयात एकही त्रुटी नव्हती. आता त्यांच्याकडे बारा महाविद्यालयं आहेत. चिखल या वेळी दुप्पट जाड आहे.

चिंबी पास झाली. गुणपत्रिका मात्र अडली आहे. अर्जात शेपटी आहे, गुणपत्रिकेत नाही.

तात्पर्य: शिष्यवृत्ती कार्यालयातली सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे विद्यार्थी. त्याला बाहेर ठेवलं की कारभार निर्दोष होतो. आणि कारकून नेमताना पाठ नीट तपासून घ्यावी. दुसऱ्याचा कागद जिला टोचतो, तिला कोंडून ठेवील असा चिखल अजून निघालेला नाही.