उसनं दुखणं

तामलवाडीत कुणाचंही पोट बिघडलं, की ते आधी गुरुसिद्धप्पांना कळायचं आणि मग त्याच्या घरच्यांना. अप्पांच्या किराणा दुकानात हिरडा, ओवा, सुंठ, मुरडशेंग सगळं मिळे, वर सल्ला फुकट. गिऱ्हाईक गूळ मागायला यायचं आणि जीभ दाखवून जायचं. "डोळ्याचं, कानाचं दुसऱ्याला इचारा. पोटाचं मात्र आपल्याला," असं अप्पा मिशीवरून हात फिरवत सांगायचे.

मग त्यांची लेक शिवगंगा माहेरी बाळंत झाली, नातू झाला आणि या पोटपंडिताची पार दाणादाण उडाली!

त्याला कारण होतं. स्वतःची लेकरं जन्मली तेव्हा अप्पा दुकानात तराजू धरून बसलेले. बाळंतिणीच्या खोलीकडं पुरुषानं फिरकायचं नाही ही रीत, त्यामुळं लेकरू त्यांच्या हातात यायचं ते न्हाऊनमाखून, काजळ-तीट लावून आणि मुख्य म्हणजे कोरडं. लंगोटात काय असतं हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आता नातवाच्या ओढीनं ते रीत मोडून दाराशी घुटमळू लागले, आणि पहिल्याच दिवशी त्यांची बायको रुद्रम्मा लंगोट घेऊन बाहेर आली. त्यात काळंकुट्ट, चिकट, गाडीच्या वंगणासारखं काहीतरी होतं. "ह्ये काय आन?" अप्पा ओरडले. रुद्रम्मा म्हणाली, सगळ्याच लेकरांचं असं असतं, तुम्ही दुकानात जा.

दुकानात जीव रमतोय कुठं? दोन दिवसांनी काळ्याचं हिरवं झालं. अप्पांनी तातडीनं सुंठ उगाळायला घेतली, तर रुद्रम्मानं सहाणच लपवून ठेवली. मग हिरव्याचं पिवळं झालं. पातळ, मोहरीचे दाणे कालवल्यासारखं, आणि तेही प्यालं की एकदा, प्यालं की एकदा. अप्पा दिवसभर लंगोट मोजू लागले.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्या वर्षी इंग्रजी हद्दीतल्या सोलापूरकडून पटकीची साथ सरकत होती, आणि तामलवाडी म्हणजे निजामाच्या मोगलाईचा अगदी उंबरठा. हैद्राबादचे एक सरकारी डॉक्टर पटकीची लस टोचायला सुया घेऊन चावडीत तळ ठोकून बसले होते. शेजारच्या गावात एक लेकरू दोन दिवसांत गेलं होतं. अप्पा खरोखर घाबरले होते. पहिलाच नातू, एवढंसं पोट, त्यात टिकणार काय आणि जाणार काय, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

डॉक्टरकडं जावं तर दुसरी पंचाईत. बारसं व्हायचं होतं. नाव न ठेवलेल्या लेकराचं दुखणं चारचौघांत बोललं, की त्याला दृष्ट लागते! शिवाय बोभाटा झाला असता, तर शिवगंगाचं दूधच वाईट असं तिच्या सासरचे म्हणायला मोकळे. आणि सासरा कोण, तर माकणीचे कल्याणप्पा. पाण्यात मीठ जास्त म्हणून विहिरीशी भांडणारा माणूस. तो बारशाला बैलगाडी जुंपून निघालासुद्धा होता.

बारशाच्या सकाळी अप्पा गुपचूप चावडीत गेले आणि हळूच जुलाबाचं औषध मागितलं.

"कुणाला होतंय?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

अप्पांनी मागं पाहिलं. बलभीम कोतवाल कान टवकारून बसला होता.

"मला," अप्पा म्हणाले.

"कितनी बार?"

"प्यालो की होतंय. पिवळं, पातळ."

"खाण्यात काय असतं?"

"निस्तं दूध. दूध पितो आन झोपतो."

"आणि?"

"जागा झालो की रडतो."

डॉक्टरसाहेबांनी टाक खाली ठेवला. साठीचा धडधाकट दुकानदार नुसत्या दुधावर आहे आणि जागा झाला की रडतो, म्हणजे केस हातची गेली! त्यांनी लगेच हुकूम सोडले. अप्पांना वेशीबाहेरच्या बांबूच्या तट्ट्याच्या खोपटात नेऊन निजवलं. सोबत एक जस्ताचं भांडं आणि पहाऱ्याला बलभीम. घरापुढं चुना फेकला, दाराला दोरी बांधली, आडात लाल औषध ओतलं. बारशाच्या स्वयंपाकाचं पाणी जांभळं निघालं. आचारी हात जोडून पळाला.

दुपार झाली. बलभीम भांड्याकडं बघत होता, अप्पा बलभीमकडं. भांडं मात्र कोरडंच.

तेवढ्यात वेशीत आरडाओरडा झाला. माकणीची गाडी आली होती, आणि पटकीच्या घरी जाणाऱ्याला सुई टोचल्याशिवाय सोडायचं नाही असा हुकूम असल्यानं कल्याणप्पांचा दंड धरून ठेवला होता. सुई टोचली तेव्हाचा आवाज अप्पांनी खोपटात ऐकला. मग कल्याणप्पांचा दुसरा आवाज आला, की या घरात आमचं लेकरू ठेवायचं नाही, आत्ताच्या आत्ता गाडीत घाला. अकरा-बारा दिवसांची ओली बाळंतीण, ते आजारी लेकरू, आणि माकणीपर्यंतचा खडखडता रस्ता! अप्पांचा धीर सुटला. डॉक्टरसाहेब नाडी बघायला आत आले, तसे ते त्यांच्या पायाशी बसले आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरसाहेब हसू आवरेना म्हणून तट्ट्याकडं तोंड करून उभे राहिले.

"अप्पा, पोटात असताना बच्च्याच्या आतड्यात जे साचतं ते काळं," ते म्हणाले. "दूध लागलं की हिरवं, मग पिवळं. नवी चक्की है, आत्ता कुठं दळायला शिकते. अंगावर पितो ना? गालावर मांस चढतंय?"

"चढतंय की."

"रडतो जोरात?"

"गाव उठवतो."

"मग सलामत आहे. प्याला की होणारच त्याला."

अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला. डॉक्टरसाहेबांनी कोरड्या भांड्याकडं नजर टाकली.

"और आपका?"

अप्पांनी मान खाली घातली. "त्यो जलमला तवापास्नं जीव थाऱ्यावर न्हाय साहेब. माझं समदं बंदच हाय."

मग त्यांनी हात जोडून विनवलं, की लेकराचं नाव कुठं काढू नका. डॉक्टरसाहेब शब्दाचे पक्के. त्यांनी वेशीत जाऊन सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, की पटकी नाही, अप्पांना साधं अजीर्ण झालंय. वय झालं, खाण्यावर ताबा राहत नाही, त्यांना तीन दिवस नुसत्या पेजेवर ठेवा. दोरी सुटली, चुना झाडला, रुद्रम्मानं शेजारच्या आडाचं पाणी भरून पुन्हा चूल पेटवली.

कल्याणप्पा सुजलेला दंड धरून ओसरीवर बसले होते. ते अप्पांकडं रोखून बघत म्हणाले, "व्याही, खरं सांगा. दुखणं लेकराचं का तुमचं?"

"माझंच," अप्पा म्हणाले. "हावरटपणा केला."

कल्याणप्पा एवढे हसले, की दंड दुखून कळवळले आणि परत हसले. जगाला चूर्ण विकणाऱ्याला स्वतःचं पोट आवरत नाही, हे त्यांनी गाडीवानाला सांगितलं, बलभीमला सांगितलं, पाळणा म्हणायला आलेल्या बायकांना सांगितलं. राग कुठल्या कुठं गेला. नातवाचं नाव वीरभद्र ठेवलं. वीरभद्र आजोबांच्या मांडीवर होता तोवर त्यानं दोनदा लंगोट भिजवला, आणि अप्पा प्रत्येक वेळी बक्षीस मिळाल्यासारखे खूश होत होते.

मग पंगत बसली. केळीच्या पानावर गूळ घालून शिजवलेली गव्हाची हुग्गी, तिच्या मधोमध तुपाचं तळं. बारा दिवसांनी अप्पांना पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती. त्यांनी पान पुसलं, पाणी फिरवलं, बाह्या सारल्या. वाढपी हुग्गीचं पातेलं घेऊन समोर आला, तसा शेजारी बसलेल्या कल्याणप्पांनी न सुजलेला हात पानावर आडवा धरला.

"अप्पास्नी न्हाय. पेज आणा."

अप्पांनी रुद्रम्माकडं आशेनं पाहिलं. खोपटातून सुटल्याबरोबर त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, घरात खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. तिनं पदर तोंडाला लावला, आत गेली आणि पेजेची वाटी घेऊन आली. वर मीठसुद्धा नव्हतं.