रामटेकेभाऊंचा रोजचा सूर्य

१२ फेब्रुवारी. तुरीची डाळ उन्हात घालत होते. कुंपणापलीकडे शेजारचे रामटेकेभाऊ डोक्यावर काळं कांबळं घेऊन दुर्बिणीशी बसलेले. आमच्या गडचांदुरात लोक सूर्याला पाणी घालतात. भाऊ रोज त्याच्या डागांचे फोटो काढतात.

भाऊ चुनखडीच्या खाणीत ड्रिल चालवून निवृत्त झाले. दुर्बिणीच्या तोंडावर काळी फिल्म, मागच्या भिंगाला मोबाइल टेकवलेला, उन्हात पडदा दिसावा म्हणून वर कांबळं. डाग रोज थोडा सरकतो, पंधरवड्यात कडेला जाऊन दिसेनासा होतो. मागे एक डाग आठ दिवस हललाच नाही. "लय हट्टी आहे हा," म्हणत भाऊंनी तो वहीत लाल शाईने नोंदवला. मी पदराने मागचं भिंग पुसलं. डाग गेला. गावातल्या सिमेंट कारखान्याची धूळ होती. "तुमी माहा डाग पुसला, बाई," एवढं म्हणून दोन दिवस अबोला.

आता प्रश्न भाऊंच्या डोळ्याचा होता. एका डोळ्याने आधीच कमी दिसे, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा ऑपरेशनची तारीख दिली होती, उद्याची, चंद्रपूरला. मुलगी न्यायला येणार होती. भाऊ तयार नव्हते; फोटो चुकेल म्हणे. मी विचारलं, डोळाच गेला तर डाग काय बोटांनी चाचपणार?

ते हसले नाहीत. कांबळ्याची घडी करून मांडीवर ठेवली आणि बायकोचं सांगू लागले.

"निर्मला शेवटचं वरीस खाटेवरच होती. धुळीनं दम लागे, खिडकी उघडता येत नोती. रोज विचारे, बाहेर ऊन कसं आहे? म्हून मी फोटो काढून तिले दाखवू लागलो. एकच दिवस सुटला, बाई. चंद्रपूरले गेलो होतो, तिच्याच औषधाले. त्याच दिवशी गेली."

सांत्वन मला जमत नाही. फिल्म कशी बसवायची ते दाखवा, म्हटलं.

"तुमी काढान?"

"काढीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी गेल्यावर मी पोळ्या तशाच ठेवून मागच्या अंगणात गेले. आधी फिल्म घट्ट बसवली. सूर्य सापडायलाच वीस मिनिटं लागली. चौथा फोटो बरा आला. वहीत तारीख घातली, पुढे 'दोन डाग' लिहिलं आणि फोटो त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, आत नेण्याआधी बाबांना दाखव.