सुभानजी गोलंदाज सलामीस बसले त्याची हकिगत

श्री. ग्रामदेवतेस नमन, निशाणास नमन, आणि ऐकणाऱ्याच्या सावध चित्तास नमन. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहिले नाही. जो वाचील त्यास ते आपलेच वाटेल आणि उगाच कलह माजेल, म्हणोन.

राज्य थोर, राजे पुण्यवंत, कारभारी दूरवरचे पाहणारे. त्या राज्याचे एक निशाण होते आणि वर्षातून एक वेळ, विजयाचे दिवशी, ते मैदानात चढवीत, मग नगाऱ्यावर नऊ टोले पडत, कर्णा वाजे, गवई निशाणगीत म्हणत, आणि लोक उभे राहात. उभे राहावे ऐसा हुकूम नव्हता. कोणी झटकन उठे, कोणी शेजाऱ्याचा खांदा धरोन उठे, आणि कोणी उठेपर्यंत नऊ टोले सरत. त्या लोकांत सुभानजी निगडे म्हणोन एक म्हातारे गोलंदाज होते, पासष्टीचे, तोफांपायी डाव्या कानाने बहिरे. टोला चुकू नये म्हणोन ते नगारजीच्या हाताकडे पाहात, आणि त्याने टिपरू उचलले की हे उठत, म्हणजे सर्वांच्या आधी उठत. ऐसे तीस वर्षे चालिले. त्यांचे शेजारी त्यांचे बालपणचे स्नेही चिमाजी तांबट बसत, ते सर्वांच्या शेवटी उठत, आणि धोतराची धूळ झाडण्यातच त्यांची सलामी उरके. यावरून दोघांत कधी शब्द जाहला नाही.

मग त्या वर्षी पूर्वेकडील एक किल्ला गनिमाने घेतला आणि दरबारात बहुत चिंता पडली. किल्ला परत घ्यावयास फौज लागते आणि सलामीस नुसते पाय लागतात, हे कारभाऱ्यांच्या ध्यानी आले, आणि फर्मान सुटले की, राज्यात जेथे पन्नास माणूस जमेल तेथे सलामी व्हावी आणि सर्वांनी निशाणाविषयी आदर धरावा, न धरील तो राज्याबाहेर जाईल. मग कीर्तनाआधी सलामी होऊ लागली, बैलबाजारात सलामी होऊ लागली, बारशास पन्नास बायका जमल्या तर मूल पाळण्यात घालण्याआधी सलामी होऊ लागली, आणि शहाणी माणसे एकोणपन्नासच पाने मांडू लागली. या सर्वावर देखरेखीस रंगो महादेव यांस सलामीचे दारोगा नेमिले. रंगोपंत माणूस वाईट नव्हते, परंतु पद नवे होते आणि नव्या पदास काही करोन दाखवावे लागते. आदर म्हणजे काय हे फर्मानात लिहिले नव्हते, ते त्यांनी ठरविले: पाठ ताठ, मान सरळ, हात मांड्यांशी, आणि खोकला आलाच तर गिळावा. हे पाहण्यास काठ्या देऊन शिपाई ठेविले.

कार्तिकी पौर्णिमेस कुस्त्यांचा मोठा फड भरला. सुभानजी आणि चिमाजी नेहमीप्रमाणे पुढल्या रांगेत गुडघ्याशी गुडघा लावोन बसले होते. बायकांच्या बाजूस राहीबाई, सुभानजींचे कुटुंब, पानाचा डबा घेऊन होत्या. हलगी थांबली, निशाण वर चढले, नगारजीने टिपरू उचलले, आणि सुभानजींनी जमिनीस हात टेकून अंग उचलिले. गुडघे जमिनीपासून सुटले होते, पाठ निम्मी सरळ जाहली होती, इतक्यात मागोन एका शिपायाने काठीचे टोक त्यांचे बगलेत घातले आणि म्हणाला, “उठा आजोबा, उठा.”

सुभानजी तसेच अर्धे थांबले. काठी बगलेत होती. पहिला टोला पडला. मग ते खाली बसले आणि मांडी घातली.

भोवती हजार माणूस उभे, मध्ये एक पागोटे खाली. चिमाजी तर त्या दिवशी सर्वांआधी उठोन उभे होते, कारण शिपायाची काठी त्यांनी आधीच पाहिली होती, आणि ते ओठ न हालविता म्हणत होते, “सुभान, ऊठ. ऊठ म्हणतो ना. बघतायत.” सुभानजी उठले नाहीत. नववा टोला पडेस्तोवर लोकांनी दम धरिला, कारण सलामीत हलण्याची मनाई होती, आणि नववा पडताच मागल्या रांगा पुढे आल्या. कोणी पागोटे उडविले, कोणी लाथ घातली, कोणी हातातील उसाचे कांडे डोकीत घातले. गर्दीत एकजण ओरडला की हा गनिमाचा हेर, आणि त्यास ते कोठोन कळले हे कोणी पुसले नाही. रंगोपंतांच्या शिपायांनीच अखेर म्हाताऱ्यास ओढोन बाहेर काढिले. मग कुस्त्या जाहल्या आणि त्या बहुत रंगल्या.

सायंकाळी राहीबाई ओसरीवर जखमेत हळद भरीत होत्या. भरता भरता म्हणाल्या, “तीस वर्षं उभं राहिलात. आजच काय झालं?”

“उठतच होतो,” सुभानजी म्हणाले.

“मग?”

“तो उठा म्हणाला.”

राहीबाईंनी हळदीचा हात थांबविला. “तो म्हणाला नसता तर?”

“तर उठलो असतो. आता उठलो असतो तर त्याचं झालं असतं ते. माझं राहिलं नसतं.”

“डोकं फुटलं ते मात्र तुमचंच राहिलं,” राहीबाई म्हणाल्या आणि चिंधी घट्ट बांधिली, जरूर होती त्याहून थोडी अधिकच घट्ट.

पुढे नगराने त्यांस वाळीत टाकिले. ठराव कोणी केला नाही, परंतु न्हावी यावयाचा बंद जाहला, मग परटीण बंद जाहली, आणि मार्गशीर्षातील गुरुवारी आळीतील सात घरची बोलावणी राहीबाईंस चुकोन दारावरून पुढे गेली. राहीबाई चाळीस वर्षे त्या आळीत होत्या, आळीतील निम्मी मुले त्यांचे हाती जन्मली होती. त्यांनी कुंकवाचा करंडा पुसोन फडताळात वर ठेविला, आणि ते सुभानजींनी पाहिले, आणि डोकीच्या जखमेहून ते त्यांस अधिक लागले. हद्दपारीचा हुकूम जाहला तर या बाईस या वयात हद्दीच्या नदीपार कोणत्या गावी न्यावे, या विचाराने ते दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालीत.

ऐशात एके दिवशी रंगोपंत स्वतः घरी आले, पाठीशी चिमाजी. रंगोपंत पायरीवर बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, “गोलंदाज, माझीही पंचाईत झाली आहे. तुमच्यासारख्या लढलेल्या माणसाला हाकलायचं म्हणजे लोक उद्या मलाच नावं ठेवतील. एक करा. गुडघे धरले होते म्हणा. वैद्याचा दाखला मी आणतो.”

“गुडघे ठणठणीत आहेत,” सुभानजी म्हणाले.

“अहो, असू देत. कागदावर दुखू देत.”

चिमाजी कळवळून म्हणाले, “सुभान, माझे गुडघे खरंच दुखतात, माझे घे. वैनीकडे बघ जरा.”

तेव्हा सुभानजींनी राहीबाईंकडे पाहिले. हा शब्द काळजास भिडला होता, आणि राहीबाई म्हणत्या तर ते गुडघे दुखवून घेते, हे खरे लिहिले पाहिजे. राहीबाई तांदूळ निवडीत होत्या. त्या मान वर न करिता म्हणाल्या, “यांचे गुडघे दुखत नाहीत. दुखले की मी तेल लावते, मला ठाऊक आहे. खोटा दाखला घरात नको.” मग रंगोपंत उठले आणि खटला न्यायाधीशांकडे गेला.

न्यायाधीश विसाजीपंत म्हणोन होते, वृद्ध, मोजके बोलणारे. पौष महिन्यात सुनावणी जाहली आणि सारे नगर कचेरीत लोटले. पन्नासांवर माणूस जमल्यामुळे आधी सलामी जाहली, आणि तेव्हाही सुभानजी बसले. मग न्यायाधीश आले, तेव्हा सुभानजी आपले आपण उभे राहिले. विसाजीपंतांनी हे पाहिले आणि म्हणाले, “वय जाहले आहे, बसा.”

“राहतो उभा, सरकार. आपला मान आहे.”

“निशाणाचा नाही?”

“आहे ना.”

“मग तेथे का बसलात?”

सुभानजींस बोलणे नीट जमत नसे. ते पागोट्याचा शेव चाचपीत म्हणाले, “सरकार, तीस वर्षांमागं मी उत्तरेच्या गडावर होतो. वेढा पडला. अकराव्या दिवशी गोळा लागून निशाणाची काठी मोडली. माझ्या तोफेवरचा गडी कान्होजी, त्यानं मोडकी काठी पोटाशी धरली आणि बुरुजावर चढून बसला, निशाण दिसलं पाहिजे म्हणून. संध्याकाळी त्याला खाली घेतला तेव्हा हात सुटत नव्हते. आम्ही सातजण उरलो होतो. आम्ही त्याच्यासमोर उभे राहिलो. उभं राहा असं कोणी म्हणालं नाही. म्हणणारे खाली तंबूत होते. दर सालाला मी तसा उभा राहतो. त्या काठीनं उठवलं असतं तर मी कान्होजीसमोर नाही, शिपायासमोर उभा राहिलो असतो. एवढंच आहे. दुसरं मला सांगता येत नाही.”

कचेरीत कोणी खोकले नाही. रंगोपंत जमिनीकडे पाहात होते. विसाजीपंतांनी फर्मान मागविले, दोन वेळ वाचिले, आणि निवाडा सांगितला की, फर्मानात आदर धरावा ऐसे आहे, उठावे ऐसे नाही. आदर मनात असतो आणि मनावर शिपाई नेमण्याची सोय या दौलतीत नाही. सबब जो उठेल त्याने उठावे, जो निमूट बसेल त्यास गुन्हा नाही, आणि जो दुसऱ्याचे अंगास हात अगर काठी लावील तो गुन्हेगार. सुभानजी निर्दोष. निवाड्याने दरबार इतका प्रसन्न जाहला की विसाजीपंतांस बढती देऊन समुद्रकिनारी एका ठाण्यावर धाडिले, जेथे कोळी आपले तंटे आपसात मिटवीत आणि न्यायाधीशास काम नसे.

मग नगरात नवलच जाहले. बसण्यास गुन्हा नाही हे कळताच निम्मे लोक बसू लागले, आणि बसणारे आपणास धाडसी समजू लागले. तरुण मंडळी सलामीस घरोन चटया आणीत, आणि कोणी चुकोन उठला तर त्याकडे कीव येऊन पाहात. त्यांचे पुढारी चिमाजी तांबट जाहले. आयुष्यभर उठण्याचा कंटाळा होता त्यास आता तत्त्व सापडले होते, आणि तांब्याची भांडी ठोकता ठोकता ते गिऱ्हाइकास समजावीत की मनुष्य स्वतंत्र आहे. न्हावी पुन्हा येऊ लागला. परटीण आली. फाल्गुनात विजयाचा दिवस आला तेव्हा चिमाजी हार घेऊन सुभानजींचे दारी आले आणि म्हणाले, “आज तू पुढे बसायचं. सगळे तुझ्या मागं बसणार. सरकारच्या डोळ्यांत भरलं पाहिजे.”

सुभानजी म्हणाले, “येतो तर मी दर सालाला.”

मैदानात एका बाजूस उभे राहणारे, दुसऱ्या बाजूस बसणारे, आणि मध्ये दोरी. सुभानजींस बसणाऱ्यांच्या पुढे नेऊन सतरंजीवर बसविले आणि गळ्यात हार घातला. राहीबाई शेजारी बसल्या, कारण पाय दुखत होते आणि सतरंजी मऊ होती. शिपाई लांब उभे, काठ्या खाली. निशाण वर चढू लागले. नगारजीने टिपरू उचलिले आणि सुभानजींनी जमिनीस हात टेकिला.

चिमाजींनी ते पाहिले आणि त्यांचे धोतर धरिले. “सुभान, बस. हे काय करतोस? आपण जिंकलोय. बस म्हणतो ना.”

त्या शब्दाने सुभानजी हसले. बहुत दिवसांनी हसले. मग चिमाजींची बोटे एकेक करोन सोडविली आणि उभे राहिले, जसे दर वर्षी राहात, पाठ जितकी होईल तितकी सरळ. मागे पाचशे माणूस बसलेले, त्यात कुजबूज माजली. कोणी म्हणाला दगा दिला, कोणी म्हणाला दरबाराने फोडिला. मागोन एकाने गळ्यातील हार ओढोन तोडिला. दोरीपलीकडील उभ्या लोकांत आनंद जाहला की म्हातारा सुधारला, आणि त्याच सायंकाळी रंगोपंतांनी सन्मानाचा शेला पाठविला, तो सुभानजींनी आणणाऱ्याच्याच हाती परत दिला, मग उभे राहणारेही रुष्ट जाहले. परंतु ते पुढचे. त्या वेळेस नऊ टोले पडत होते, म्हातारा उभा होता, आणि त्याच्या पायाशी राहीबाई बसल्या होत्या आणि पानास चुना लावीत होत्या. त्यांनी त्यास बस म्हटले नाही, त्याने त्यांस ऊठ म्हटले नाही. नववा टोला जाहल्यावर राहीबाईंनी विडा वर केला, तो सुभानजींनी घेतला, आणि दोघे पायी घरी गेले.

येणेप्रमाणे दोन्ही पक्ष त्यांस अंतरले. चिमाजी दीड वर्ष बोलले नाहीत, मग राहीबाईंच्या आजारपणात तांब्याची नवी घागर घेऊन आले आणि विषय न काढता बसले. सुभानजी त्यापुढे चार वर्षे वाचले आणि प्रत्येक सलामीस गेले. काही दिवशी उभे राहिले, काही दिवशी बसले. कोणत्या दिवशी काय आणि का, हे शोधण्यास दरबाराने एक कारकून ठेविला होता, त्यास थांग लागला नाही. राहीबाईंसही लागला नाही, परंतु त्यांनी विचारिले नाही.

जाहले ते इतकेच. यात लिहिणाराचे काही चुकले असेल ते वाचणाराने उभ्याने अगर बसोन, ज्यास जसे सोयीचे, सुधारोन घ्यावे. शुभं भवतु.