बॅटरी आणि लग्नाची बोलणी

बॅटरीबद्दल अधिकारवाणीनं बोलणारा अख्ख्या इमूस गावात एकच माणूस, तो म्हणजे मी, रोमेल. व्हेपच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटच्या, यांत्रिक नळ्या विकतो. या नळीत ना चिप, ना रखवालदार. बटण दाबलं की बॅटरी थेट तारेला भिडते, नव्या जावयासारखी, मागचापुढचा विचार न करता. म्हणून दुकानात मी स्वतःच्या हातानं फलक रंगवलाय: 'सुटी बॅटरी डबीत ठेवा. बॅटरीच्या खिशात किल्ल्या नकोत, नाणी नकोत.'

मारिविकला मागणी घालायला आम्ही मायलेक निघालो ते या ऐटीत. रीत अशी, की मुलाकडच्यांनी जेवण घेऊन मुलीच्या घरची पायरी चढायची. पायरी अवघड होती. तिचे वडील आर्तेम्यो काका तीस वर्षं अग्निशमन दलात. त्यांचा निरोप आधीच आला होता: "धूरवाल्याला मुलगी देणार नाही."

दारात आईनं माझी पँट झटकली. "भिऊ नको बाळा, मी आहे ना." हात तिचा कमरेशी जरा रेंगाळला. मला वाटलं, माया.

पानं वाढली. काकांनी विचारलं, "ती बॅटरी फुटते म्हणे?"

"अडाण्यांच्या खिशात फुटते, काका. दोन्ही टोकांना धातू जोडला गेला की झाली होळी. माझ्या खिशात ना किल्ली, ना नाणं. बॅटरी आहे, पण एकटी, व्रतस्थ."

"आणि डबी?"

डबीत मी टूथपिक ठेवतो. ते कबूल करायच्या आधीच मांडीला ऊब लागली. वाटलं, मारिविकनं टेबलाखालून हात ठेवला. मी लाजून हसलो. तीही हसली, पण तिचे दोन्ही हात नूडल्स वाढत होते.

मग खिशात चर्रर्र झालं.

"रोमेल, तुला धूर येतोय," काका म्हणाले, तीस वर्षांच्या सवयीनं, शांतपणे.

होणाऱ्या सासऱ्यासमोर मी पँट सोडून अंगणात भिरकावली. काकांनी नारळाच्या सरबताचं एक भांडं माझ्या मांडीवर ओतलं, दुसरं पँटवर. खिशातून घरंगळली काळीठिक्कर बॅटरी, आणि तिला वेलीसारखी बिलगलेली आईची धातूची जपमाळ, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली.

"बघा," आई म्हणाली, "मी गुपचूप खिशात माळ घातली होती म्हणून पोर वाचलं."

मारिविकच्या आईनं, कोंचिंग मावशींनी, छातीवर क्रूस काढला. "ज्याला माळ राखते, त्याला आपण कोण नाही म्हणणार?"

त्या घरात पंप काकांचा, पण तोटी मावशींच्या हातात. लग्न ठरलं.

काकांनी माळ उचलली, बॅटरी निरखली, मग चड्डीतल्या मला निरखलं. हळूच म्हणाले, "कशानं पेटलं, कळलं ना?"

"हो, काका."

"मलाही कळलं. आता तोंड मिटून जेव."

दुकानातला फलक अजून तसाच आहे. किल्ल्या, नाणी. पुढे तिसऱ्या शब्दापुरती जागा सोडलीय. पण आई रोज दुपारी डबा घेऊन येते, आणि तिला वाचता येतं.