दहा अनोळखी गिऱ्हाइकं

शालनकाकींना अनोळखी माणूस सहन होत नाही. त्या त्याच्यावर रागावत नाहीत. तो अनोळखी राहू नये एवढी तातडीने व्यवस्था करतात. "पावणं, गाव कुठलं?" हा पहिला प्रश्न. गाव कळलं की "तिथं कुणाच्यातलं?" हा दुसरा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला एखादी मावसजाऊ, चुलत मेहुणा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला वाढपी सापडतो आणि काकी टाळी वाजवून म्हणतात, "लागली की फांदी!" फांदी लागली की माणूस घरचा झाला. त्याच्याकडून पैसे घेणं मग त्यांना जमत नाही.

अशा बाईने विद्यापीठाच्या पदवीसाठी उद्योजकता हा विषय घ्यावा का? त्यांनी घेतला. आणि तो शिकवायला माझ्यासारखा माणूस मिळाला.

मी मराठीचा प्राध्यापक. नव्या अभ्यासक्रमात मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर विषय घ्यावा लागतो. मराठीचे तास कमी भरत होते, म्हणून प्राचार्यांनी उद्योजकतेचा मायनर माझ्याकडे दिला. घरची रद्दीसुद्धा मला कधी चांगल्या भावाने विकता आलेली नाही. शिवाय त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. घरी बोलायला कोणी नव्हतं, आणि बाहेर मी गरजेपुरतंच बोलत होतो.

पहिल्या तासाला समोर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं होती आणि पहिल्या बाकावर छप्पन्न वर्षांच्या शालनकाकी. डोक्यावर पदर, पायात लेकाचे जुने स्पोर्ट्स शूज. राहणार कळंबा, मुख्य विषय इतिहास. "म्हशी विकल्या," त्यांनी कारण सांगितलं. "आता पाटं उठून करू काय? म्हटलं, ग्रॅज्युएट हुतो."

मी वर्गाला विचारलं, मायनर म्हणजे काय? काकी उठल्या.

"सोपं हाय की सर. इतिहास म्हंजे शेती. आन् ह्यो मायनर म्हंजे म्हस. शेतीनं नाव हुतंय, पर चहाला दूध म्हस देत्या."

माझ्या टिपणांत दोन पानं भरून व्याख्या होती. ती मी त्या दिवशी वाचलीच नाही.

पुढच्या महिन्यात बाजारपेठेचं सर्वेक्षण होतं. प्रत्येकाने चाळीस लोकांना पंधरा प्रश्न विचारायचे. काकींचे चाळीस फॉर्म वेळेवर आले. पहिल्या प्रश्नाखाली नाव-गाव व्यवस्थित लिहिलेलं. बाकीचे चौदा प्रश्न कोरे, आणि मागच्या बाजूला माणसाच्या तीन पिढ्या.

"काकी, ग्राहकाची आवड कुठं आहे यात?"

"आवड काय इचारायची सर? पाटलाच्या घरची पोरगी हाय, तिखटच खाणार!"

शेवटच्या सत्रात मात्र मामला गंभीर झाला. प्रत्येकाने काहीतरी बनवायचं, कॉलेजच्या पोर्चमध्ये तीन दिवस मांडायचं आणि दहा अनोळखी गिऱ्हाइकांना विकायचं, असा नियम होता. प्रत्येक गिऱ्हाइकाने एका कागदावर सही करायची: 'मी विक्रेत्याच्या नात्यातला किंवा ओळखीचा नाही.' दहा सह्या नाहीत तर मायनर नापास, आणि मायनर नापास तर पदवी वर्षभर अडकली. काकींनी नातीशी पैज लावली होती, तू दहावी व्हायच्या आत मी पदवीधर होते म्हणून. नात दहावीलाच होती.

काकींनी सांडगी मिरची मांडली. मसाला भरून, ताकात बुडवून, कळंब्याच्या गच्चीवर वाळवलेली. तिचा खमंग वास पार ग्रंथालयापर्यंत यायचा. शेजारच्या टेबलावर वर्गातलीच रुखसाना होती. तिने कापडी पिशव्या शिवल्या होत्या, आणि बोलणं तिच्या कात्रीइतकंच धारदार.

पहिल्या दिवशी कामानिमित्त एक पोलीस अधिकारी आले. त्यांनी पाकीट उचललं. काकींनी गाव विचारलं. नेसरी. नेसरीत काकींच्या नणंदेची पुतणी दिलेली. साहेब चार पाकिटं आणि जत्रेचं आमंत्रण घेऊन गेले. सही नाही.

दुसऱ्या दिवशी रुखसानाने स्वतः एक फिरता कापडविक्रेता पकडून आणला. "काकी, ह्यो पार राजस्थानचा हाय. हितं कुठली फांदी लागतीया बघू!"

अर्ध्या तासाने मी गेलो तेव्हा तो माणूस डोळे पुसत निघाला होता, हातात दोन पाकिटं. गल्ला रिकामा.

"पैसे?"

"त्याची बायको पोटुशी हाय सर. गावाकडं एकटी हाय. तिला तिखट खावंसं वाटतंय. तिच्याकडनं पैसं घ्यायचं व्हय?"

"मग फांदी लागली म्हणायची?" रुखसाना चिडून म्हणाली.

"लागली न्हाय गं. लावली."

तिसऱ्या दिवशी सकाळी रुखसाना खडीसाखरेचा पुडा घेऊन आली. "काकी, आ करा. गिऱ्हाईक आलं की एक खडा तोंडात. त्यो इरघळंस्तवर बोलायचं न्हाय. बोललासा तर नातीला फोन लावीन."

उपाय जालीम निघाला. काकी गाल फुगवून बसायच्या, पाकीट द्यायच्या, पैसे घ्यायच्या, सहीसाठी कागद पुढे करायच्या. त्यांचे डोळे मात्र माणसाच्या चपलेपासून टोपीपर्यंत गाव शोधत असत. दुपारपर्यंत नऊ सह्या झाल्या. सगळा वर्ग पोर्चमध्ये गोळा झाला.

दहावा एक साठीचा गृहस्थ होता, खांद्याला कापडी पिशवी. त्याने पाकीट नाकाशी धरलं आणि हसून म्हणाला, "आमच्यात अगदी अशीच करायचे. ओवा घालून."

काकींनी तोंड उघडलं. रुखसानाने मोबाइल वर केला. काकींनी तोंड मिटलं. गृहस्थाने सही केली आणि तो गेला.

काय आरडाओरडा झाला! पोरांनी टेबलं बडवली. रुखसानाने काकींच्या तोंडात आणखी दोन खडे कोंबले. मी कागदावर शेरा मारला: उत्तीर्ण. पण काकी फाटकाकडेच बघत होत्या.

"आता बोला की, काकी!" रुखसाना म्हणाली.

"त्या पावण्याचं गाव इचारायचं ऱ्हायलं," काकी हळूच म्हणाल्या.

"कशाला हवंय आता?" मी म्हणालो.

"माझं म्हायेर धरणात गेलं सर. मी पाचवीत हुतो. घरं उठवली आन् कुणाला कुठं, कुणाला कुठं जमीन दिली. शेजारची कमळी आन् मी एका ताटात जेवायचो. जाताना दोघींचं ट्रक येगळं लागलं. ती कुठं उतरली, पुढं कुठं दिली, कुणाला ठावं न्हाय. ही मिरची तिच्या आईची हाय. ओवा दुसरं कोण घालत न्हाय." त्यांनी पदराने टेबल पुसायला घेतलं. "म्हणून इचारत असतोय सगळ्यास्नी. एखादा तरी तिला वळखणारा निघंल की."

रुखसानाने मोबाइल पिशवीत टाकला.

मी रस्त्याने जाणाऱ्या माणसाला कधी हाक मारत नाही. त्या दिवशी फाटकापर्यंत अक्षरशः पळत गेलो. तो गृहस्थ समोरच्या थांब्यावर बसची वाट बघत होता.

"ओ पावणं!" मी ओरडलो. "गाव कुठलं?"

त्याला काहीच वावगं वाटलं नाही. "कोडोली!" तो तितक्याच मोठ्याने म्हणाला.

मी धापा टाकत परत आलो. "काकी, कोडोली!"

त्यांचा चेहरा उजळला. "कोडोली? कोडोलीत कुणाच्यातलं? आन् ओवा घालायचं कुणी शिकवलं म्हणं?"

ते मी विचारलंच नव्हतं. रुखसानाने कपाळावर हात मारला.

"सर," काकी म्हणाल्या, "तुमास्नी निम्मंच मार्क."

बस अजून आली नव्हती. मी पुन्हा पळालो.