सरांची बत्तीशी

माणूस आणि वानर यांच्यातलं अंतर आपण समजतो त्याहून फार थोडं आहे. त्या सकाळी अमरावतीत ते पाण्याच्या टाकीएवढं होतं. टाकीखाली प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक उद्धवराव खारोडे उभे होते आणि टाकीवर एक काळतोंड्या वानर बसला होता. दोघांत मिळून दातांची कवळी एकच होती, आणि ती वर होती.

सरांनी ती घासूनपुसून वाटीत ठेवली होती, वाटी गच्चीच्या कठड्यावर. मोर्शीच्या एका कॉलेजात दुपारी त्यांचं व्याख्यान होतं: ‘माणूस आणि वानर, एकच घराणं’. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. न्यायला गाडी निघाल्याचा फोनही येऊन गेला होता.

“रमा! फांफर! माफी कफळी!”

रमाकाकू कणकेच्या हातांनी वर आल्या. “काय फफफ लावलं अजी? दात घाला न् मंग बोला.”

सरांनी वर बोट दाखवलं. (वाचकांच्या सोयीसाठी त्यांचं यापुढचं बोलणं दातांसकट देत आहोत.)

वानरानं कवळी चिमटीत धरली, उलटीपालटी केली, उन्हाकडे धरून पाहिली. सर हरखले. “बघ, बोटांना नखं आहेत, नख्या नाहीत! दोन्ही डोळे समोर, म्हणून अंतर कळतं. बोटांच्या टोकांवर आपल्यासारख्याच रेघा!”

“त्या बोटांत तुमचे दात आहेत.”

“दात त्यालाही बत्तीसच असतात,” सर आदरानं म्हणाले.

“मंग सोताचे वापर म्हणा त्याले!”

शेजारच्या छतावरून नियाजभाईंनी विचारलं, “सर, दगड भिरकावू का?”

“नियाजभाऊ, शनवार हाय आज!” रमाकाकू कडाडल्या. “मारुतीले दगड मारता?”

“नाही, नाही, भाभी,” म्हणून नियाजभाईंनी दगड खिशात घातला.

“संत्री आण,” सर म्हणाले. “अदलाबदल करू.”

पहिलं संत्रं वानरानं मोकळ्या हातात झेललं. दुसरं पायात धरलं. “पाहिलंस? पायालाही अंगठा! आपण बूट घालून दोन हात गमावले, रमा.” तिसरं दुसऱ्या पायात गेलं. “आता गालात कोंबणार नाही हं. गालाची पिशवी लालतोंड्याला असते, याला नसते.”

“अजी, तुमी क्लास घेऊन राहिले का दात सोडवून राहिले?”

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. मोर्शीची गाडी! सर मटकन कठड्यापाशी बसले.

“सांग त्यांना, तब्येत बरी नाही.” आवाज खरोखरच आजाऱ्यासारखा निघाला.

“काहून? रोज आरशासमोर भाषण करून राहिले न तुमी. मले पाठ झालं.”

“मग तूच जा.”

सरांनी हातात उरलेलं संत्रं उगाच सोलायला घेतलं. ते पाहून वानरालाही आपली संत्री आठवली. आता संत्रं सोलायला दोन्ही हात लागतात. त्यात माणूस-वानर असा भेद नाही. त्यानं कवळी बाजूला ठेवली. ती टाकीच्या उतारावरून घसरली आणि रमाकाकूंनी पुढं केलेल्या पदरात पडली.

गरम पाण्यानं तीनदा धुऊन सरांनी कवळी बसवली. आजूबाजूच्या छतांवर एव्हाना सारी गल्ली जमली होती. सरांनी वर पाहिलं. थोर होता तो जीव! हात थोर, नजर थोर, मनही थोर. उपकारानं भरून येऊन सर बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसले.

वानर दचकला. संत्री टाकून त्यानं अशी उडी मारली की दोन गल्ल्यांपलीकडेच दिसला.

टाळ्या पडल्या. “वा सर! क्या बात!” नियाजभाई ओरडले.

“अहो, मी आभार मानत होतो,” सर कळवळून म्हणाले. “वानरांत दात दाखवणं म्हणजे धमकी. गैरसमज झाला त्याचा. हेच तर मी आज मोर्शीत सांगणार आहे, की दात तेच, चेहरा तोच, फक्त अर्थ...”

गल्ली तल्लीन होऊन ऐकत होती. सरांना वाटलं, व्याख्यान इथंच रंगलं.

नियाजभाईंच्या मागून हीनाभाभी पुढं आल्या. “सर, एक काम होतं. मोर्शीहून आल्यावर जरा आमच्या छतावर येजा ना. काही बोलू नोका. नुसते दात दाखवा. पापड वाळू घातले हायेत.”